शकुंतलेच्या रुळावरचं बिऱ्हाड

आमच्या गावात रानडुक्कर कुठून आलं, असं कोणालाही विचारा, उत्तर एकच. "सोडलं त्यायनं." कोणी? जंगलवाल्यांनी. कसं? ट्रकात भरून, रात्रीचं. पाहिलं कोणी? "पाह्यलं ना राजा, लाखपुरीच्या एका मानसानं." लाखपुरीला जाऊन विचारलं तर तो माणूस बनोस्याचा निघतो, आणि बनोस्यात गेलं की तो अंजनगावचा होतो. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर रिकामपण होतं, म्हणून हा ट्रक शोधत मी पार अचलपूरपर्यंत जाऊन आलो. ट्रक काही सापडला नाही. शोधता शोधता जे हाती लागलं ते लिहून ठेवतो आहे.

आमचं गाव मूर्तिजापूर आणि दर्यापूरच्या मधलं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळी, खोल, उन्हाळ्यात माणसाचा पाय जाईल अशा भेगा पडणारी. विहिरीचं पाणी खारं. गावाच्या अंगाला लागून शकुंतला धावायची. धावायची हे आपलं म्हणायचं. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, अरुंद रूळ, आणि मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन, ते १९९४ पर्यंत डबे ओढत होतं. चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येतं, अशी तिची थट्टा व्हायची. मी स्वतः उतरून तुरीच्या शेंगा तोडून परत चढलेलो आहे, तेव्हा ती थट्टा नव्हे. रुळाच्या दोन्ही बाजूंची जागा गँगमन लोक घासून पुसून ठेवायचे. भरावावर उभं राहिलं की एका बाजूला गाव आणि दुसऱ्या बाजूला आमचं वावर, आणि वावराच्या पलीकडे ई-क्लास दिसायचा.

ई-क्लास म्हणजे गावच्या ढोरांसाठी सोडलेली सरकारी जमीन. घाटाखालच्या लोकांनी गायरान म्हणावं. आमच्याकडे मात्र अंगठेबहाद्दर माणूसही इंग्रजीतच बोलतो, "ढोरं ई-क्लासात गेले." १९६०-६२ च्या सुमारास मी पाच-सात वर्षांचा असेन. भादव्यात त्या ई-क्लासात शिरलो की गवत माझ्या छातीला लागायचं. पवन्या, मारवेल, कुंदा, आणि ज्याची कुसं धोतरात अडकून बसायची ते कुसळ. ढोरकी सकाळी आखरावर ढोरं गोळा करून तिकडे न्यायचा. त्याच गवतात हरणांचे कळप असत. आम्ही हरिण म्हणायचो, पण ती काळविटं. नर काळाकुट्ट, पीळ पडलेली शिंगं. ढोरांची त्यांना भीती नव्हती, माणसाची थोडी होती.

आणि तणमोर. तो मला माझ्या आजोबांनी दाखवला नाही, एका फासेपारध्यानं दाखवला. श्रावणात त्यांचं एक बिऱ्हाड आखराच्या कडेला उतरायचं. म्हातारा, त्याची बायको, दोन लेकरं, एक गाय. तितर-बटेर धरायला ते केसांचे आणि दोऱ्याचे फासे मांडायचे. एका सकाळी त्यानं मला धुऱ्यावर बसवलं आणि ओठावर बोट ठेवलं. समोरच्या गवतातून एक काळापांढरा पक्षी सरळ वर उडाला, माणसाच्या उंचीएवढा, पंख फडफडवले, आणि दगड पडावा तसा खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा. पुन्हा. मादीला दिसावं म्हणून नर अशा उड्या मारतो, दिवसातून शेकडो वेळा, हे मी फार पुढे वाचलं. म्हातारा म्हणाला, "गवत याच्या डोक्यावर पायजे, पन उडी गवताच्या वर पायजे." तणमोराला कसलं घर लागतं, ते याहून थोडक्यात कोणी सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

त्याच वर्षी की पुढच्या, गावात कोणाच्या तरी घरी चोरी झाली आणि रात्रीतून त्या बिऱ्हाडाला हाकललं. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून ज्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ ला कागदावरून पुसला गेला. गावाच्या मनावरून नाही. चोर पुढे घरचाच निघाला. म्हातारा परत आला नाही.

आता रानडुकराचं. माझ्या लहानपणी डुक्कर हा शब्द ऐकला तो पूर्णेच्या संदर्भात. नदीकाठी बाभूळबन होतं, आपल्या देशी बाभळीचं, आणि आजोबा सांगायचे की तिकडे एकट्यानं जायचं नाही, डुकरं आहेत. म्हणजे ती होती. पण नदीकाठी. नदीपासून आमचं वावर कोसभर, मधे सगळं उघडं गवत नाहीतर उघडी जमीन. रानडुक्कर उन्हाचं जनावर नाही. त्याला दिवसा दाट सावली, चिखल आणि पाणी लागतं. काळविटाचं नेमकं उलटं. त्याचा सारा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. जिथे चौफेर दूरवर दिसत नाही, तिथे ते थांबत नाही. रोही या दोघांच्या मधला, त्याला झुडूपही चालतं आणि उघडंही. ही तीन जनावरं आणि तो पक्षी, एवढ्यांची घरं डोळ्यांपुढे ठेवली की साठ वर्षांत आमच्या शिवारात काय झालं त्याचा हिशेब लागतो.

हे गवतही काही अनादि काळापासून तसंच होतं असं नाही. १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. पुढे १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस सोन्याहून पिवळा वाटू लागला. रेल्वे आली ती कापसासाठीच. आमची शकुंतला ही तिचीच पुढच्या पिढीतली धाकटी लेक. त्या वर्षांत गवताच्या जमिनी मोडून पऱ्हाटीखाली आल्या. जे उरलं ते रमणे, बाभूळबनं आणि गावोगावची चराई. म्हणजे माझ्या आजोबांनी जे पाहिलं तेही उरलेलं होतं, आणि मी पाहिलं ते उरलेल्यातलं उरलेलं.

पुढचं मोडणं मात्र माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि कोणत्याही एका माणसानं केलं नाही. आधी ज्वारी गेली. संकरित ज्वारीचा कडबा ढोरं आवडीनं खाईनात. मग सोयाबीन आलं, तीन-साडेतीन महिन्यांत हातात पैसा. सोयाबीनचं कुटार होतं, पण कडब्याच्या पेंढीची सर त्याला नाही. कडबा नाही म्हणून ढोरं विकली, ढोरं नाहीत म्हणून ढोरकी सोडून गेला, आणि ई-क्लासाला कोणी वाली राहिला नाही. थोडा नांगरला गेला. थोड्यावर मुरूम खणला गेला. उरलेल्यावर १९८० च्या दशकात एक दिवस सरकारी माणसं आली, पडीक जमीन हिरवी करायची म्हणाली आणि चर खणून रोपं लावून गेली. गवत म्हणजे पडीक, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रोपं सुबाभळीची होती आणि वेड्या बाभळीची होती. सुबाभूळ बकऱ्यांनी खाल्ली. वेडी बाभूळ राहिली.

ही वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. इंग्रजांनी १८७० च्या दशकात ती हिंदुस्थानात आणली. वाळवंट अडवायला आणि सरपणाला. झाड वाईट म्हणावं तर दुष्काळात अर्ध्या गावाची चूल तिच्यावर पेटली आहे, हेही लिहिलं पाहिजे. खाऱ्या जमिनीचं तिला वावडं नाही, मुळं खोल जातात, तोडली तर बुडातून चार फांद्या फुटतात. पाला ढोरं खात नाहीत पण शेंगा गोड, त्या ढोरं खातात, बकऱ्या खातात, रोही खातात, डुकरं खातात, आणि बिया लेंडीतून, शेणातून जिथे जातील तिथे उगवतात. म्हणजे जो तिच्या आश्रयाला येतो तोच तिची पेरणी करतो. आमच्या खारपाणपट्ट्याला ती अशी मानवली की जणू बोलावूनच आणली.

खाली गवताच्या जागी गाजर गवत. याची पहिली नोंद पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून बी आलं असं मानतात. वऱ्हाडात ते कधी पोचलं ते मला सांगता येणार नाही, पण मी कॉलेजात होतो तेव्हा शकुंतलेच्या स्टेशनांवर ते पांढरं फुलत होतं. नाव गवत, पण त्याला एकही ढोर तोंड लावत नाही, आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. आमच्या आईच्या दोन्ही हातांना त्याची खाज लागली ती शेवटपर्यंत गेली नाही.

डुकरं जंगलातूनच आली असतील तर ती मेळघाटातून येणार, हा गावाचा दुसरा सिद्धांत. मेळघाट मला परका नाही. १९७९ ते १९८४ मी धारणीला शाळेवर होतो. व्याघ्र प्रकल्प १९७४ साली जाहीर झाला होता, त्याला पाच वर्षं झाली होती. तिथल्या जंगलात मला एक झुडूप दाखवलं गेलं, रंगीत फुलांचे झुबके, चुरगळलं तर उग्र वास. रायमुनिया. तुम्ही घाणेरी म्हणत असाल. ती १८०० नंतर लगेचच कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आणलेली. बुलबुलांनी आणि अस्वलांनी तिची फळं खाऊन ती रानभर नेली. २०२० साली एक अभ्यास छापून आला, त्याप्रमाणे भारतातल्या जंगलांपैकी दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जागेत ती पसरली आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. मग सांबर आणि गवा गवत शोधत हलतात, त्यांच्या मागे वाघ हलतो. डुक्कर आणि बिबट्या मात्र तिथे आरामात राहतात. मला वाटायचं हे जंगलाचं दुखणं, आपल्या काळ्या मातीशी त्याचा काय संबंध. आता वाटतं, वरचं रायमुनिया आणि खालची वेडी बाभूळ या सख्ख्या बहिणी आहेत. दोघी आपापल्या ठिकाणी गवताच्या घराला कुलूप लावतात आणि झाडोऱ्याच्या घराची किल्ली डुकराच्या हाती देतात.

मेळघाटातली आणखी एक गोष्ट इथे सांगतो, कारण ती या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूची आहे. २००० नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलातून उठली, नंतर आणखी उठली. उठलेल्या गावाच्या जागी आधी काय येतं? तरोटा, रानतुळस, गाजर गवत. ते दर वर्षी उपटून, फुलावर येण्याआधी काढून, चांगल्या गवताचं बी टाकलं तेव्हा कुरणं झाली. आता तिथे सांबरं आणि गवे चरतात. गवत परत आणता येतं, पण हातानं आणि वर्षानुवर्षं. आणि तिथून उठलेली कोरकू माणसं? गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाण्याचे लोक आमच्या अकोला जिल्ह्यात, अकोट-तेल्हाऱ्याकडे आले. त्यांतली काही कुटुंबं आम्हाला जगता येत नाही म्हणून २०१९ च्या जानेवारीत परत वर गेली आणि तिथे संघर्ष झाला. माझ्या धारणीच्या वर्गातला एक मुलगा, आता आजोबा झालेला, अकोटच्या बाजारात भेटला. म्हणाला, "गुरुजी, आमच्या गावात आता गवा राहतो. चांगलं आहे. पण मी कुठं राहतो?" मी त्याला चहा पाजला. दुसरं काय करणार होतो.

तर ट्रक. मेळघाटच्या पायथ्यापासून आमच्या गावापर्यंत जे नाले उतरतात, पूर्णेला मिळतात, ते सगळे आता दोन्ही काठांनी वेड्या बाभळीनं भरले आहेत. पूर्वी नदीकाठचं बन नदीकाठीच संपायचं. आता ते नाल्यानाल्यानं गावाच्या पांदणीपर्यंत आलेलं आहे. मधे शेततळी झाली, म्हणजे उन्हाळ्यातही पाणी. लांडगा, जो डुकराची पिलं उचलायचा, तो केव्हाच दिसेनासा झाला. आणि मग शकुंतला बंद पडली. गँगमन गेले, आणि चार-पाच पावसाळ्यांत भरावावर अशी जाळी माजली की रूळ हातानं चाचपून शोधावा लागतो. उंच, कोरडी जागा, वर काटेरी छप्पर, दोन्ही बाजूंना सोयाबीन, हरबरा, तूर. असं घर फुकट मिळत असताना डुकरानं मेळघाटात काय म्हणून राहावं? कोणी त्याला सोडलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी मूर्तिजापूरपासून अचलपूरपर्यंत चाळ बांधली.

जनावरं आपण आखलेल्या हद्दी मानत नाहीत, एवढंच याचं तात्पर्य काढू नका. ती फार बारकाईनं जागा निवडतात. यवतमाळच्या टिपेश्वरमधला गळ्यात पट्टा घातलेला एक वाघ २०१९ साली निघाला आणि वावरांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. इतकी गावं लागली, पण तो झाडोऱ्याच्या आडोशानंच चालला. अमरावतीत विद्यापीठाच्या आवारात बिबटे दिसतात, कारण पोहऱ्याच्या जंगलाचा झाडोरा तिथवर आला आहे.

हे सगळं मी मांडतो तेव्हा धाकटा भाऊ ऐकून घेतो. वावर तो करतो, मी अमरावतीत राहतो, हा फरक तो तोंडानं बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी कार्तिकात त्याची बायको कापूस वेचत होती, रुळाकडच्या तासात. पऱ्हाटीतून डुक्कर निघालं. मांडीला सव्वीस टाके. पंचनामा झाला, कागद झाले, पैसे बऱ्याच उशिरानं आले. ती आता चालते, पण पाय ओढते आणि रुळाकडच्या बाजूला वेचायला जात नाही. दवाखान्यात मी गेलो तेव्हा मला म्हणाली, "दादा, तुमी म्हनता त्याचं घर आहे. मंग माह्यं काय आहे?"

मला त्या दिवशी अकोटच्या बाजारातला माझा विद्यार्थी आठवला. दोघांनी एकच विचारलं होतं.

त्या घटनेनंतर गावानं उपाय केले. जुन्या साड्या धुऱ्यानं बांधल्या. डुकरं आठ दिवस बिचकली. झटका मशीन आणली. ती आमच्या वावरातून वळून शेजारच्याच्या वावरात गेली आणि भावकीत भांडण लागलं. मारायला परवाना देण्याची सोय सरकारनं २०१५ मध्ये केली आहे, पण बंदूक कोणाकडे आहे आणि रात्री त्या जाळीत शिरणार कोण? मग आमच्या हद्दीतल्या भरावाचा एक तुकडा लोकांनी स्वतः साफ केला. दहा-बारा माणसं, चार दिवस. कोळसेवाल्यानं लाकूड नेलं, त्याचा खर्च निघाला. डुकरं उठली आणि थेट तुरीत जाऊन बसली, कारण तेव्हा तूर डोक्याएवढी होती. पुढच्या पावसाळ्यात बुडातून फुटवे आले, जाळी पहिल्यापेक्षा दाट. धाकटा म्हणाला, "दादा, हे तं केस कापल्यावानी झालं."

मी त्याला मेळघाटातली कुरणं सांगितली. नुसतं कापून भागत नाही, बुडखा खणावा लागतो, आणि मोकळ्या जागी दुसऱ्याच वर्षी चांगलं गवत पेरावं लागतं, नाहीतर गाजर गवत आहेच टपलेलं. तणमोरासाठी असं काम अकोला-वाशिम भागात चालू आहे, हेही सांगितलं. तणमोर २०२१ पासून जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त आहे. तो आता गवत नाही म्हणून मुगा-सोयाबीनच्या वावरात उतरतो, तिथे डवरणी आणि फवारणी. त्याची राखण करायला आणि गवत राखायला कारंज्याच्या संवेदना संस्थेबरोबर पुढे आले ते फासेपारधी. ज्यांना आम्ही आखरावरून हाकललं त्यांचेच नातेवाईक. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचं काळवीट अभयारण्य २००० साली झालं, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं. उघडं गवत राखलं की काळवीट टिकतं, ते तिथे दिसतं.

धाकट्यानं विचारलं, "गवत पेरलं तं खाईन कोन? ढोरं कुठं आहेत?"

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. घरी बैलजोडी होती ती भाड्याच्या ट्रॅक्टरनं गेली. आता गोठ्यात एक म्हैस आणि एक गाय. मी म्हटलं, दोघींपुरतंच पेर. तो हसला.

यंदा मृगाच्या आधी त्याचा फोन आला. भरावाचा तो तुकडा त्यानं आणि शेजारच्यानं पुन्हा साफ केला होता, या खेपेला बुडखे खणून. त्याच शेजाऱ्यानं, ज्याच्याशी झटका मशीनवरून बोलणं बंद होतं. उघड्या जागेत दोघांनी मारवेलाची ठोंबं लावली, कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं दिलेली. "अन् दादा," तो म्हणाला, "चार किलो ज्वारी घेतली. गावाकडच्या तासात पेरतो. रुळाकडं नाही."

मी विचारलं, डुकरं?

"आहेतच. पन काल रात्री रुळावर कोल्हे ओरडले. लय वर्षानं आयकलं. सूनबाई उठून बसली, भ्याली. मी म्हटलं, झोप, हे डुक्कर नोहे."